बारदाना वापस

तेरवीचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाळ मिलवर गेलो, तर पोत्यांची थप्पी जागेवर नव्हती.

भिंतीलगत ती जिथं असायची तिथं धुळीत नुसता चौकोन उरला होता आणि कडुलिंबाचा थोडा वाळला पाला. मला वाटलं, पोरानं गच्चीवर वाळत घातली असतील. गच्चीवर गेलो. गच्चीवर तूर होती, पोती नव्हती. रोलरच्या मागं पाहिलं, चाळणीच्या खाली पाहिलं. थप्पी काही सुई नव्हे हरवायला, तरी मी वाकून वाकून पाहत होतो.

बायको गेल्यापासून माझं असंच झालं होतं. एका जागी बसवत नव्हतं. घरात बसलो की पाय दाराकडे, दारातून मिलकडे, मिलवरून एसटी स्टँडकडे. स्टँडवर काही काम नसायचं. गाड्या लागायच्या, सुटायच्या, मी उभा राहून परत यायचो. पोरगा म्हणायचा, बाबा, तुमच्या पायाले भिंगरी लागली. लागली तर लागली. चाळीसेक वर्षं जिच्याशी भांडलो ती नाही, तर बसून करू काय?

अंजनगावातली आमची मिल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. टिनाचं शेड, एक रोलर, एक चाळणी, वर गच्ची. तूर घ्यायची, भिजवायची, वाळवायची, भरडायची. मिल मी पाहायचो आणि पोती ती. फाटकी जुनी पोती घ्यायची, धुवायची, उन्हात टाकायची, ठिगळं लावायची. तिच्या हातात नेहमी दाभण, मांडीवर सुतळीचा गुंडा. कोणी भेटायला आलं तरी बोलता बोलता दाभण चालूच. मी तिला म्हणायचो, अवो, लोक काय म्हणतील, मिलवाल्याची बायको पोते शिवते. ती म्हणायची, लोकाइले डाळ खाऊ द्या, मंग म्हणू द्या.

ते दिवस आमच्या भागात वाईट होते. कापसानं दगा दिला, विहिरी आटल्या. कोणत्या गावात काय झालं ते पेपरात यायच्या आधी मिलवर कळायचं. एखादा माणूस दरवर्षी तूर घेऊन यायचा. मग एका वर्षी त्याच्या गाडीवर त्याची बायको यायची, पदर घट्ट आवळून. विचारायची गरज पडत नसे. आम्ही तिला पाणी द्यायचो आणि तूर आधी तिची मोजायचो.

अशात छोट्या मिल एकेक करून बंद पडल्या. ज्या उरल्या त्यांनी सोपं ते धरलं. प्लास्टिकच्या गोण्या आल्या. कीड लागू नये म्हणून गोदामात विषारी गोळ्या. डाळ चमकावी म्हणून तेलपाण्याची पॉलिश. टरफल मिलच्या मागं जाळून टाकायचं. आम्हीही थोडंफार केलं. गोळ्या मीच आणल्या होत्या. बायकोनं त्या वासानं दोन वेळा जेवण टाकलं, तेव्हा बंद केल्या.

एकदा अमरावतीला छोट्या उद्योगवाल्यांचं शिबिर होतं. विषय फळ्यावर लिहिला होता, हरित पुरवठा साखळी. हरित म्हटल्यावर मला वाटलं झाडं वाटतील. मी रोपं आणायला थैली घेऊन गेलो होतो. बायको सोबत. पहिला तास ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मग एक मॅडम आल्या, तेव्हा जागी झाली. त्या म्हणाल्या, तुमचा माल कुठून येतो, कशात येतो, कशात जातो आणि मागं काय उरतं, हे सगळं एका दोरीत धरा. मधला एक पदर तुटला तर बाकीचं धरून फायदा नाही.

बायको उभी राहिली. सगळ्या हॉलमध्ये ती एकटीच नऊवारी. तिनं विचारलं, आमची डाळ पोत्यात जाते, पण पोतं वापस कोण आणते?

मॅडमनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, खरं सांगू का बाई, तेच सगळ्यात अवघड आहे. कोणीच आणत नाही.

परतीच्या गाडीत मला वाटलं ती नाराज असेल. ती म्हणाली, ती पोरगी खरं बोलली. आता आपल्यालेच करा लागते.

अकोल्याचा एक व्यापारी पुण्याकडच्या काही दुकानांना माल पाठवायचा. त्या दुकानांना पॉलिश नसलेली, गोळ्या न घातलेली डाळ हवी होती. बायको माझ्यासोबत त्याच्या गादीवर गेली आणि बोलणं तिनंच केलं. डाळ तागाच्या जुन्या पोत्यातच येईल. पोत्यात कडुलिंबाचा पाला राहील. टरफल आणि डाळीची तुटकी चुनी जाळणार नाही, ज्यांची तूर त्यांच्या गुरांना देऊ. आणि बारदाना वापस. रिकामी पोती पुढच्या गाडीनं आमच्या मिलवर परत आली पाहिजेत.

व्यापारी हसला. म्हणाला, "बाई, गेलेलं पोतं अन् गेलेलं माणूस कधी वापस येते का?"

ती म्हणाली, "माणसाचं मले मालूम नाही. पोत्याचं तुमी पाहा."

तो कबूल झाला. पण बजावलं, गोणीत आली तर गाडी उतरवून घेणार नाही.

त्यानंतर ती पोती तयार करायला लागली. कोणतं पोतं चालेल, कोणतं नाही, हे तिनं ठरवलेलं. खताचं नको, औषधाचं नको, सिमेंटचं तर नकोच. नवं पोतंही नको, नव्याला घासलेटसारखा वास असतो, तो डाळीत उतरतो. ज्यात धान्याशिवाय दुसरं काही पडलं नाही असंच पोतं. ती नाकाला लावून पाहायची. त्याच सुमारास तिचं पोट दुखायला लागलं. अकोल्याला दाखवलं, अमरावतीला दाखवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. तिला न सांगताच समजलं होतं. घरात तिला गरम व्हायचं, म्हणून दुपारी मिलवर यायची आणि त्या थप्पीवर आडवी व्हायची. आडव्या आडव्या ठिगळ लावायची. शेवटी दाभण ओढायचं बळ राहिलं नाही, तेव्हा नुसती पोत्यावर हात ठेवून पडायची.

पहिली गाडी जायच्या आधी ती गेली.

तर ती थप्पी नव्हती. मी घरी आलो. माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, ओसरीत गाठोडं बांधत होती. तेरवीचं सगळं तिनंच निभावलं होतं. सैपाक, पाहुणे, देणंघेणं.

मी विचारलं, "बाई, मिलवरची थप्पी कुठी गेली?"

"देली," ती म्हणाली.

"देली म्हंजे?"

"ती त्याच्यावरच तं पडून राहे. मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. तुले मालूम नाही का?"

मी म्हटलं, अंथरूण गोधडी होती, ती गेली ना. ती म्हणाली, गोधडी बी देली, पोते बी देले, दोन्हीवर ती निजे, एक द्याचं अन् दुसरं ठेवाचं असं असते का. भंगारवाल्याची हातगाडी दारावरून चालली होती, त्याला हाक मारून सगळं चढवून दिलं. वरून त्याला जेवू घातलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हाच घोळ होता. तिनं चोरी केली असती तर मी ओरडलो असतो. तिनं तर धर्म केला होता, आणि तो इतका मन लावून केला की सोमवारी जायची डाळ भरायला पोतं राहिलं नव्हतं.

पोराला सांगितलं. तो म्हणाला, मंग गोण्या आणतो. बाजारात ढीगभर आहेत.

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, बाबा, एवढ्या वेळी चालवून घेऊ, पुढच्या गाडीले पोते पाहू. मी सांगितलं, पुढची गाडी नसते. पहिल्या गाडीत प्लास्टिक गेलं की व्यापारी म्हणेल हे बी बाकीच्यासारखेच. मग गोळ्या येतील, मग पॉलिश येईल, मग तू टरफलाला काडी लावशील. तिनं धरलेली दोरी पहिल्याच पदराला तुटेल. तो वाईट पोरगा नाही. पण त्याला झोप लागत होती, मला लागत नव्हती, तेवढा फरक.

भंगारवाला स्टँडवर सापडला. म्हणाला, बारदाना तर मी कालच पातूरच्या टेम्पोत टाकला. पातूरचा एक म्हातारा जुन्या पोत्यांचा धंदा करायचा. त्याचा टेम्पो सगळ्या वऱ्हाडात फिरायचा. बायकोही फाटकी पोती त्याच्याच टेम्पोतून घ्यायची. सगळे त्याला चाचा म्हणायचे.

मी घरी न सांगता गाडीत चढलो. अकोट, अकोला, तिथून पातूर. गाडीत जागा होती, तरी मी दांडा धरून उभा. कंडक्टर म्हणाला, बाबा बसा ना. मी म्हटलं, बसवत नाही. तो म्हणाला, तिकीट तं बसाचंच काढलं ना? लोक हसले. मीही हसलो असेन. पण बसलो नाही. खिडकीतून कापसाच्या पराटीची वाळकी रानं मागं पळत होती आणि मला वाटत होतं गाडी उभीच आहे. अकोल्याला व्यापाऱ्याच्या गल्लीवरून गेलो. तो गादीवर दिसला. मी मान खाली घालून निघालो. हात रिकामे असताना काय तोंड दाखवायचं?

पातूरला स्टँडच्या मागं चाचाचं आवार. आत पोत्यांचे डोंगर. एका बाजूला साखरेची, एकीकडे खताची, एकीकडे धान्याची. टिनाखाली बायका शिवत बसलेल्या. चाचा खाटेवर पान लावत होता. मला ओळखलं. म्हणाला, "आओ भाऊ, बैठो. भाभी कशी आहे?"

मी म्हटलं, "गेली."

त्याचा हात पानावरच थांबला. पान डब्यात परत ठेवलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. थप्पी, तेरवी, बहीण, हातगाडी, सोमवारची गाडी. माझे शब्द एकमेकांवर पडत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"भाऊ, मय्यतीचं देलेलं सामान वापस नाही घेत. आमच्यात बी नाही, तुमच्यात बी नाही."

"चाचा, ते तिचं अंथरूण नाही," मी म्हणालो. "ते तिचं काम आहे."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. गाडीत दिवसभर काय काय ठरवलं होतं, हात जोडीन, भांडीन, दुप्पट देतो म्हणीन. त्यातलं काहीच आठवलं नाही.

चाचानं खाटेवरून पाय खाली सोडले आणि बायकांना आवाज दिला. "अंजनगाववाले पोते अलग करो. जल्दी."

सगळी उघडून ढिगात मिसळली होती. पण तिचं पोतं ओळखू यायचं. बाकी लोक ठिगळ बाहेरून लावतात, ती आतून लावायची. एक बाई पोतं उलटं करून म्हणाली, ये अंदर से क्यूं सीती थी, बाहेरून सोपं जाते ना. मी सांगितलं, आतून लावलं की डाळीचं वजन ठिगळावर येतं, टाक्यावर येत नाही. ती म्हणाली, मग एकेक पोतं उलटं करावं लागत असेल. हाव, म्हटलं, करायची. मग त्या बायकांनी ढिगातलं एकेक पोतं आतून चाचपायला सुरुवात केली. मीही बसलो नाही, वाकूनच शोधत होतो. हाताला आतलं ठिगळ लागलं की टाक्यांवरून बोट फिरवायचो. मग ते पोतं बाजूला.

सगळी नाही मिळाली. काही टेम्पोतून पुढं गेली होती, कुठं ते चाचालाही ठाऊक नव्हतं. एक आवाराच्या कोपऱ्यात बकऱ्यांच्या खोपड्याला पडदा म्हणून लटकत होतं. मी ते ओळखलं. वरच्या कोपऱ्यातलं ठिगळ तिनं आजारपणात लावलेलं, टाके मोठे मोठे. मी ते काढलं आणि नाकाला लावलं. बकरीचा वास बसला होता. धुऊनही जाणारा नव्हता. ती असती तर म्हणाली असती, हे डाळीले चालत नाही. मी ते परत लटकावलं.

चाचानं भंगारवाल्याला जेवढं दिलं होतं तेवढंच माझ्याकडून घेतलं. वर म्हणाला, तुमची चुनी जाळत नाही ना तुमी? मग टेम्पो येईल तेव्हा एक पोतं चुनी द्या, बकऱ्याइले. आणि ते पोतं बी वापस देईन, भाभीच्या हिशोबानं. टेम्पो अकोटकडे निघणारच होता. मला गठ्ठ्यासकट मागं बसवलं. अकोटपर्यंत मी त्या गठ्ठ्यावर बसून होतो. एकदाही उठलो नाही.

घरी बाईनं गठ्ठा पाहिला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "आणलं वापस? मेलेल्या बाईले घरात बोलावून आणलं?" मी म्हटलं, घरात नाही, मिलवर ठेवतो. ती म्हणाली, तुले कोणी सांगणारं राहिलं नाही आता. आणि दुपारच्या गाडीनं आपल्या गावी निघून गेली. आजही मिलवर आली की दगडावर बसते. त्या पोत्यांवर बसत नाही.

पोती उन्हात टाकली. पाला आणला. रविवारी पोरगा आणि मी डाळ भरायला बसलो. पोती कमी, म्हणून डाळही तेवढीच भरली. बाकीची कोठीत राहिली. पोराचं तोंड लहान झालं. मी व्यापाऱ्याला फोन केला, गाडी अर्धी येईल, पण पोत्यात येईल. तो म्हणाला, येऊ द्या.

पोत्यांची तोंडं मी शिवत होतो. माझा टाका तिच्यासारखा नाही, गाठीच गाठी. शेवटचं पोतं उरलं तेव्हा पोरानं ते बाजूला ओढलं. हळूच म्हणाला, "बाबा, एक ठेवू का? आईचं म्हणून."

माझा हात त्या पोत्यावर होता. मला हाव म्हणायचं होतं, खोटं कशाला सांगू. एक ठेवलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? डाळ जेवढी गेली त्यात एक पोतं कमी, कोणी पाहिलंही नसतं. रात्री उशाशी घेतलं असतं. मग आठवलं, बाईला मी काय म्हणालो आणि पातूरला काय म्हणालो.

"ठेवलं तं ते अंथरूणच झालं," मी म्हणालो. "भर त्याच्यात."

त्यानं भरलं. सोमवारी गाडी गेली.

मग पुन्हा पायाला भिंगरी. स्टँडवर, नाक्यावर, अकोटकडून ट्रक आला की वाकून पाहायचं. व्यापाऱ्याला इतके फोन केले की त्याचा मुनीम माझा आवाज ओळखून आधीच सांगायचा, बाबा, नाही आली अजून. त्या व्यापाऱ्याचं हसणं मला आठवत राहायचं. त्यानं ते सहज म्हटलं होतं. मला मात्र वाटायचं, एक गोष्ट तर त्याची खरी झालीच आहे, दुसरी पण होणार.

तुरीचा नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा एक दिवस मिलच्या दारात ट्रकमधून गठ्ठा पडला. सुतळीनं बांधलेला, वर खडूनं आमच्या गावाचं नाव. पोरगा मला शोधत स्टँडवर आला. आम्ही दोघं मिलकडे चाललो तेव्हा त्याला माझ्यासोबत चालायला पळावं लागत होतं.

गठ्ठा सोडला. काही पोती नव्हती. कुठं राहिली, फाटली, कोणी दाबली, माहीत नाही. बाकीची होती. मी एकेक उलटी करून आतून हात फिरवला. तिची ठिगळं धरून होती. एका पोत्याला मधोमध नवी चीर पडली होती आणि ती कोणीतरी शिवली होती. निळ्या दोऱ्यानं, बाहेरून, वाकडेतिकडे टाके. पुण्याकडच्या त्या दुकानातलं कोणीतरी असेल. बाई की माणूस, कोण जाणे. फेकून देता आलं असतं, तर शिवलं.

बायको असती तर तिनं ते आधी उसवलं असतं. मी दाभण हातात घेतलंसुद्धा. मग बाजूला ठेवलं आणि पोराला म्हटलं, हे बी थप्पीत लाव.

थप्पी भिंतीलगत त्याच चौकोनात लागली. पाला टाकला. पोरगा तूर उतरवायला गेला. मी थोडा वेळ त्या थप्पीवर बसलो.